थांबावं कधी?

म्हाताऱ्या रॉक बँडनं कधी थांबावं, असं कुणी विचारलं की मला ‘ब्लॅक सबाथ’ आठवतो. १९६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी तो काढला. गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं त्याआधीच कारखान्यात तुटली होती. प्लास्टिकची टोपणं चढवून तो वाजवायचा. २०१७ मध्ये बँडनं निरोप घेतला, पण मूळचा ड्रमवादक बिल वॉर्ड त्यात नव्हता. पुन्हा निरोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. ५ जुलै २०२५ रोजी चौघेही आपल्या गावी एकत्र आले. पार्किन्सन्सनं जखडलेला ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला. सतराच दिवसांनी तो गेला. शरीर थकणं ही थांबायची खूण नव्हे. ज्यांच्यासोबत सुरुवात केली, त्यांच्यासोबत निरोप घेता आला, की वेळ झाली समजावं.