गिळण्याच्या व्यायामांची कुळकथा

मनुष्य दिवसभरात शेकडो वेळा गिळतो, आणि त्यांपैकी बहुतेक वेळा आपण गिळले याचे त्याला भानही नसते. जिभेने घास मागे लोटला, की पुढचा सारा कारभार मेंदूच्या देठातील एका केंद्राच्या मुखत्यारीत जातो. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाकडची वाट मिटते, श्वास क्षणभर थांबतो, गळ्यातील घाटी वर आणि पुढे सरकते, स्वरयंत्राचे पडदे जुळून श्वासनलिका बंद होते, आणि तेवढ्यात अन्ननलिकेचे एरवी आवळलेले द्वार सैल होऊन घास खाली उतरतो. घशातील हे सर्व प्रकरण एका सेकंदाच्या आत निकालात निघते, आणि त्यासाठी पंचवीसांहून अधिक स्नायू ठरल्या क्रमाने राबतात. पक्षाघाताने हा क्रम विस्कटला, म्हणजे पाण्याचा साधा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, आणि ज्याचे प्राण मेंदूच्या आघातातून वाचले, तो फुप्फुसाच्या दाहाने दगावण्याची भीती उभी राहते. पक्षाघातानंतर हा दोष कितीजणांत आढळतो, याचा धांडोळा २००५ साली घेतला गेला, तेव्हा तपासणी जशी सूक्ष्म होत गेली, तसे ते प्रमाण शेकडा ३७ पासून ७८ पर्यंत चढत गेलेले दिसले. जितके बारकाईने पाहावे, तितका दोष अधिक सापडावा, ही या विषयाची खूणच आहे. कारण गिळण्याच्या व्यायामांचा इतिहास हा मुळात गिळणे पाहण्याचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजेंदी यांनी गिळण्याच्या क्रियेचे मुख, घसा आणि अन्ननलिका असे तीन टप्पे पाडले. ही वाटणी आजही पाठ्यपुस्तकांत थोड्याफार फरकाने कायम आहे. परंतु जिवंत प्राण्याच्या घशात प्रत्यक्ष काय घडते, ते डोळ्यांना दिसण्याची सोय तेव्हा नव्हती. ती १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांच्या क्ष-किरणांनी करून दिली, आणि वर्षभरातच हार्वर्डच्या वैद्यकशाळेत शिकणारे वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहाध्यायी आल्बर्ट मोझर यांनी, आपले गुरू बाउडिच यांच्या सूचनेवरून, त्या किरणांचा रोख घशाकडे वळवला. लांब मानेमुळे घासाचा प्रवास सविस्तर दिसावा म्हणून हंसपक्ष्याची निवड झाली, आणि किरणांना अडवणारे बिस्मथ अन्नातून देऊन त्याची काळी छाया गळ्यातून उतरताना पडद्यावर पाहिली गेली. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने गिळणे ही पाहण्याजोगी आणि नोंदण्याजोगी घटना ठरली.

तरीही पाहणे आणि उपचार करणे यांत पाऊण शतकाचे अंतर पडले. गिळणे ही स्वयंचलित क्रिया असल्याने ती बिघडली तर आपोआप सुधारेल किंवा सुधारणार नाही, एवढाच विचार प्रचलित होता. ज्याला गिळता येत नाही, त्याच्या नाकातून नळी घालावी आणि वाट पाहावी, अशी वहिवाट पडून गेली होती. तिला ठाम छेद देणाऱ्यांत अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञ जॉर्ज लार्सन यांचे नाव घ्यावे लागते. १९७२ साली त्यांनी पक्षाघातजन्य गिळण्याच्या दोषाच्या पुनर्वसनावर निबंध लिहिला, आणि अशा रुग्णाला गिळणे पुन्हा शिकवता येते, हा विचार वाचा-उपचाराच्या दप्तरी दाखल झाला.

या विचाराला शास्त्राची बैठक दिली, ती शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेरी लोगमन या विदुषीने. कंपवाताचे रुग्ण आणि गळ्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यावर काम करीत असता त्यांनी तपासणीची एक पद्धत बसवली. बेरियम मिसळलेला पातळ द्रव, बेरियमची खीर आणि बेरियम लावलेले बिस्किट असे तीन प्रकार अगदी थोड्या मात्रेत रुग्णाला देऊन त्याच्या गिळण्याचे क्ष-किरणांनी चलच्चित्र घ्यावयाचे. घास कोठे अडकला, श्वासनलिका मिटण्यापूर्वी थेंब आत गेला की मिटून उघडल्यानंतर, याचा उलगडा या चित्रणाने होऊ लागला. त्याहून मोठी गोष्ट ही, की घशाची संवेदना हरपल्यामुळे ज्यांना थेंब आत जाऊनही ठसका लागत नाही, असे रुग्ण यामुळे ओळखता येऊ लागले. १९८३ साली लोगमन यांचा गिळण्याच्या विकारांवरील ग्रंथ निघाला, आणि ज्या शास्त्राचा विषय तोवर मुख्यतः बोलणे आणि ऐकणे हा होता, त्याच्या अधिकारात गिळणेही आले.

यानंतर एकेक व्यायाम जन्माला आला, तो एकेका दोषाचे दर्शन घडल्यावर. ज्यांचे स्वरयंत्र वेळेवर मिटत नाही असे दिसले, त्यांना श्वास रोखून घोट गिळावा आणि लगेच, श्वास आत घेण्यापूर्वी, खोकावे, असे शिकवले जाई. गळ्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी योजलेली ही रीत पक्षाघाताकडे आली. घाटी वर चढते, पण टिकत नाही, अशांसाठी मेंडेलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रिया आहे. रुग्णाने घाटीवर बोटे ठेवून आवंढा गिळावयाचा, ती वर सरकल्याचे बोटांना कळताच गळ्याच्या स्नायूंनीच तिला दोन-तीन सेकंद वरच्या वर धरून ठेवावयाचे, आणि मग सोडावयाचे. मासाको फुजिउ या जपानी विदुषीने लोगमन यांच्याबरोबर काम करताना पाहिले, की जिभेचा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांत घशाची मागची भिंत काही महिन्यांत अधिक पुढे येऊ लागते, आणि जिभेची उणीव ती भरून काढते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी निरोगी माणसांना जिभेचे टोक दातांत धरून आवंढा गिळावयास लावले, आणि भिंत तशीच पुढे येते हे दाखवले. आज हा व्यायाम मासाको याच नावाने जगभर शिकवला जातो.

मिलवॉकीचे रेझा शेकर यांच्या व्यायामाची हकीकतही अशीच आहे. अन्ननलिकेचे वरचे द्वार उघडण्यासाठी हनुवटीखालच्या स्नायूंनी घाटी पुढे ओढावी लागते; ते स्नायू दुबळे असले, म्हणजे द्वार अर्धवट उघडून घास वरच साचतो. म्हणून उशी न घेता उताणे निजावे, खांदे गादीला टेकलेले ठेवून केवळ डोके उचलावे आणि पायांची बोटे पाहावीत. एक मिनिट तसे राहून एक मिनिट विश्रांती घ्यावी, असे तीनदा करावे. मग न थांबता तीस वेळा डोके उचलून खाली ठेवावे. आणि हा सर्व क्रम दिवसातून तीनदा, सहा आठवडे चालवावा. नळीवाटे अन्न घेणाऱ्या २७ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि या व्यायामानंतर ते सर्व तोंडाने जेवू लागल्याचे त्यात नोंदले आहे. ज्यांना डोके उचलणे झेपत नाही, त्यांच्यासाठी सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ साली बसल्या बसल्या हनुवटीखाली रबरी चेंडू दाबण्याची तजवीज सुचवली.

स्वयंचलित क्रिया शिक्षणाने का सुधारावी, या प्रश्नाला उत्तराची दिशा इंग्लंडमधील मँचेस्टर येथून मिळाली. शाहीन हमदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासूनच्या निबंधांत चुंबकीय उद्दीपनाच्या साहाय्याने दाखवले, की गिळण्याचा अंमल मेंदूच्या दोन्ही अर्धांवर असतो, मात्र तो समसमान नसतो. ज्या बाजूचा वाटा मोठा, तिला इजा झाली तर गिळणे बिघडते. आणि ज्यांचे सुधारते, त्यांच्यात शाबूत अर्धाचा वाटा हळूहळू वाढलेला दिसतो. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातील पर्थच्या रुग्णालयातील ३०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि पक्षाघातानंतर लवकर सुरू केलेल्या व नियमाने रोज चालवलेल्या गिळण्याच्या उपचाराने अधिक रुग्ण नेहमीच्या आहारावर परततात, असे त्यातून निघाले.

आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या संस्थेत वाचा-श्रवण उपचाराचे रीतसर शिक्षण १९६० च्या दशकापासून चालू आहे, आणि त्या परंपरेतील उपचारक आज हे व्यायाम शिकवीत आहेत. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्तांपर्यंत त्यामागील विचार अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आजारी माणसाला दोन घोट पाणी पाजणे, हे आपल्या घरांत प्रेमाचे पहिले कर्तव्य मानतात. पण पाणी हेच दुबळ्या घशाला सर्वांत अनावर, कारण ते जिभेच्या ताब्यात न राहता श्वासनलिका मिटण्याच्या आतच खाली धावते. पेज हलकी म्हणून द्यावी, तर तिच्यातील पाणी एका वेगाने आणि शिते दुसऱ्या वेगाने जातात. त्यापेक्षा पुष्कळांना एकजीव घोटलेले खिमट अधिक सोसते. ठसका लागला, की 'वर बघ' म्हणून मान मागे टाकावयास सांगण्याची आपली रीत आहे; वस्तुतः मान मागे गेल्याने श्वासनलिकेचे तोंड अधिक उघडे पडते, आणि पुष्कळ रुग्णांना गिळताना हनुवटी छातीकडे झुकवावयास सांगतात, ते याच कारणाने.

हे व्यायाम आता छापील यादीच्या रूपाने हातोहात फिरतात, आणि तेथेच त्यांच्या कुळाचा विसर पडतो. मासाकोंचा व्यायाम केवळ लाळेवर करावयाचा. तोंडात घास ठेवून तो केला, तर घास घशात मागे उरण्याचा धोका असतो. श्वास रोखून गिळताना पक्षाघाताच्या रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित झाल्याची नोंद २००२ सालीच झालेली आहे. शेकरांचा व्यायाम मानेच्या मणक्यांचे दुखणे असणाऱ्याला निषिद्ध ठरू शकतो, आणि ज्याचे द्वार नीट उघडते, त्याला त्याचे मोठेसे प्रयोजनही नाही. म्हणून पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या तोंडी पहिला घोट जाण्यापूर्वी प्रशिक्षित व्यक्तीने त्याच्या गिळण्याची परीक्षा करावी, शंका आल्यास चित्रणाने किंवा दुर्बिणीने खातरजमा करून घ्यावी, आणि जो व्यायाम सांगावयाचा, तो कोणत्या दोषासाठी हे रुग्णाच्या कागदावर लिहून त्याच्या माणसांना समजावून द्यावे. जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयांत एवढा बंदोबस्त झाला, तर पुष्कळांची नाकातील नळी लवकर निघेल, आणि ते आपल्या ताटावर आपल्या हाताने जेवू लागतील.