दिल्ली गेटचा जल्लोष, द्वारकेचा ईमेल

३१ ऑगस्ट २००९च्या रात्री दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर गोलरक्षक सुब्रत पाल पेनल्टी अडवत होता. नेहरू चषकाचा अंतिम सामना, समोर सीरिया. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर भारताने याच संघाला १-० असं हरवलं होतं. या खेपेस शूटआऊटमध्ये चषक पुन्हा आपल्याकडेच राहिला. संघाला शाबासकी द्यायची किंवा चार शब्द सुनवायचे, तर तेव्हा गॅलरीतून घसा फोडावा लागे.

मग गॅलरी मोबाइलमध्ये आली. २०१७मध्ये दिल्लीच्याच नेहरू स्टेडियमवर जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल, १७ वर्षांखालील स्पर्धेतला. त्याच वर्षी ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा राष्ट्रीय संघाच्या चाहत्यांचा गट उभा राहिला. पण २०१८च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार माणसं आली. कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओतून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. पुढच्या, केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं खपली. ऑनलाइन टवाळी करणाऱ्यालाही त्याने आपला माणूस मानलं, हे फार मोलाचं.

टवाळीचा सगळ्यात कसबी प्रकार म्हणजे पॅरडी पोस्ट. भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवेदनासारखीच निळी पाटी, तसंच बोधचिन्ह, तीच कोरडी सरकारी भाषा. फक्त मजकूर अशक्य कोटीतला. वाचणारा एक क्षण फसतो आणि मग हसतो. तो क्षण लांबला की गंमत उरत नाही, अफवा होते. म्हणूनच ‘एक्स’ने एप्रिल २०२५पासून अशा खात्यांना नावाच्या सुरुवातीलाच ‘पॅरडी’सारखा शब्द लिहायला लावला.

तीनच महिन्यांनी दिल्लीतल्या द्वारकेच्या ‘फुटबॉल हाऊस’मध्ये, महासंघाच्या मुख्यालयात, अशक्य कोटीतला मजकूर थेट ईमेलने पोहोचला. महासंघाने राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागवले होते. त्यांत बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक झावी याचं नाव होतं. राष्ट्रीय संघांच्या संचालकाने त्याला दुजोरा दिला. हा संचालक म्हणजे २००९चा तोच सुब्रत पाल. मानधन परवडणार नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवल्याचंही छापून आलं. २६ जुलैला महासंघाने जाहीर केलं की झावी आणि पेप ग्वार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले अर्ज खरे नव्हते. झावीचा ईमेल आपणच पाठवल्याचं १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने सांगितल्याच्या बातम्या आल्या.

दुसऱ्याच्या नावाने अर्ज करणं ही पॅरडी नव्हे, ते चूकच. पण त्या पोराला झोडपून विषय संपवणं बरं नाही. एवढ्या मोठ्या नावाचा अर्ज आल्यावर खातरजमा करणं ही महासंघाची जबाबदारी होती. हसं झालं ते महासंघाचं, आणि मान खाली गेली ती चाहत्याची.

अंतिम यादीत तीन नावं होती: स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान तारकोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ला निवड झाली खालिदची. मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, पुढे मुंबई एफसीला घडवणारा हा माणूस. तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला, आणि ही निवड सांगणारी महासंघाची पोस्ट मात्र शब्दशः खरी होती.