चैत्रातली बारी

शिमगा झाला की आमच्याकडं शेतकऱ्याचं अंग जरा मोकळं होतं. गहू, हरभरा घरात आलेला असतो. ज्वारीची कणसं खुडून कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात. पांगारा लाल फुलतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, करंजाखाली सावली दाट होते. मग गावोगावच्या यात्रा सुरू होतात. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागात यात्रेचं वेळापत्रक पंचांगापेक्षा माणसाला तोंडपाठ जास्त. पौषी पुनवेला थापलिंग, माघी पुनवेला निमगावचा खंडोबा, आणि गुढीपाडवा झाला की गावागावाची आपापली यात्रा. एका गावची उरकली की दुसऱ्या गावची.

ही यात्रा चैत्रातच का, हे मला लहानपणी कळलं नव्हतं. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, एकदा सांगितलं, "आरं, आषाढात पाव्हणा आला तर त्याला खायला काय घालशील?" खरंच होतं. धान्य घरात, हातात चार पैसे, बैल रिकामे आणि पेरणीला दीड-दोन महिने अवकाश. देव बारमाही असला तरी शेतकऱ्याला सवड चैत्रातच. त्यामुळं लेकी माहेरी यायच्या त्याही यात्रेला. दिवाळीला एक वेळ नाही आल्या तरी चालेल, पण यात्रा चुकवायची नाही.

पहिल्या दिवशी मांडवडहाळे. गाड्यांवर हिरवे डहाळे लादून वाजतगाजत देवळापुढं आणायचे. ज्याचा नवस असेल तो शेरणी वाटायचा, गुळाचा खडा हातावर पडायचा. रात्री पालखीचा छबिना, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारनंतर कुस्त्या. पोरासोरांच्या कुस्त्या नारळावर आणि रेवड्यांवर सुटायच्या. मी दोन नारळ जिंकलेत, चार हरलोय. गोडीशेव, भेंडबत्तासे, लाकडी पाळणा, आणि पडद्यावर मोटार काढलेला फोटोवाला. त्या खोट्या मोटारीत बसलेला माझा आणि थोरल्या बहिणीचा फोटो अजून घरात आहे.

तमाशाची सुपारी द्यायला गावातली चार जाणती माणसं नारायणगावला जायची. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात, अजूनही लागतात. विठाबाई नारायणगावकरांचा फड मी बापाच्या खांद्यावर बसून पाहिला, असं आई सांगायची. मला आठवतो तो फक्त गॅसबत्तीचा उजेड आणि ढोलकी. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन बुद्धपौर्णिमेला संपतो. म्हणजे कलावंताचं वर्षही आमच्या शेताच्या वर्षाला बांधलेलं.

पण यात्रेचा जीव होता बैलगाडा. सातारा-सांगलीकडं गाडीवान गाडीत बसून सपाट रानात गाड्या पळवतो. आमच्याकडं तसं नाही. चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. गाडा हलका, चार बैलांचा. पुढं घोडी पळते, तिच्यामागं बैल, आणि गाड्यात माणूस नसतो. एका धावेला बारी म्हणायचं. लाउडस्पीकरवरनं "भिर्रर्र" अशी आरोळी झाली की दोन्ही बाजूच्या टेकड्यांवर बसलेली माणसं उभी राहतात. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. त्यासाठी माणूस वर्षभर स्वतःच्या पोराला नाही तेवढं बैलाला जपतो.

वेळ आधी मास्तरांच्या मनगटी घड्याळावर धरायचे. त्यावरून भांडणं व्हायची. मग स्टॉपवॉच आलं, आता सेन्सर आहे. बक्षीस आधी नारळ, फेटा, फार तर पितळेची परात. आता मोटारसायकली आणि काही ठिकाणी ट्रॅक्टरसुद्धा.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. पुढच्या चैत्रात गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बैल विकलेले, उरलेल्यांची हाडं दिसत होती. यात्रा करायची की नाही यावर पारावर बैठक झाली. शेवटी ठरलं, पालखी काढायची, तमाशा नाही, कुस्त्या नाहीत. घाटात फक्त एक मोकळा गाडा माणसांनी ओढत न्यायचा. दादा पुढं होते. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. पण घाट मोडला नाही, एवढं समाधान म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं सांगत होती.

आता मी जे सांगणार आहे ते घरातल्या माणसांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

१९८४ साल. आमचा सर्जा नावाचा खिल्लार बैल ऐन भरात होता. दादांचा नेम होता, घाटात बैलाला पराणी लावायची नाही. पण त्या वर्षी शेजारगावच्या गाड्याशी आमची ईर्षा होती आणि मी चोवीस वर्षांचा होतो. गाडा सोडताना मी पराणीची आर सर्जाला टोचली. बारी अशी आली की घाट दणाणला. पहिला नंबर, फेटा, गुलाल, सगळं झालं.

संध्याकाळी दादा त्याला विहिरीवर धूत होते. शेपटीखाली त्यांच्या हाताला रक्त लागलं. त्यांनी हात पाहिला, माझ्याकडं पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बारी सर्जानं आणली न्हाई. त्याच्या भ्यानं आणली." दुसऱ्या दिवशी त्यांनी फेटा देवाला वाहून टाकला. पुढची दोन वर्षं आमचा गाडा घाटात गेला नाही. विचारणाऱ्याला दादा सांगायचे, बैल दुखावलाय. ते खोटं नव्हतं.

२०११ च्या जुलैत केंद्र सरकारनं ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. पारावर पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं असतं, दहावी झालोय म्हणून. लोक चिडले, कोर्टाला गावातलं काय कळतं म्हणाले. मला मात्र हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. कोर्टानं लिहिलं होतं की बैलाला भीती आणि वेदना होते. माझ्या बापानं तेच तीस वर्षांपूर्वी विहिरीवर सांगितलं होतं.

पण बंदीनं बैलाचं भलं झालं असंही मी म्हणणार नाही. शेतात ट्रॅक्टर आला होता. खिल्लार गोठ्यात टिकला होता तो घाटापायी. घाट बंद झाला तशी खोंडाची किंमत पडली. त्यात २०१५ च्या मार्चमध्ये बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे गिऱ्हाईक आणखी कमी. त्या वर्षी दोन खोंडांपैकी एक मी चाकणच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकला. तो कुठं गेला, मी विचारलं नाही. हेही एक पापच.

२०१७ ला राज्यानं कायदा केला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कायदा कायम केला. मधली दोन वर्षं तर कोरोनानं यात्राच झाल्या नव्हत्या. आता डॉक्टरचा दाखला लागतो, काठी-पराणी चालत नाही. काही जण अजून चोरून टोचतात, हे मी डोळ्यांनी पाहतो आणि तिथंच बोलतो. म्हातारा झालोय, कुणी हात उचलत नाही.

२०२२ च्या चैत्रात आमचा गाडा घाटात गेला. नातू विचारत होता, "आबा, मारल्याशिवाय पळंल का?" म्हटलं, "पळाला तर त्याचा, न्हाई पळाला तरी त्याचा." बारी साधारण आली, नंबर चौथा. संध्याकाळी विहिरीवर नातवाला जवळ बोलावलं, बैल धुवायला लावला आणि म्हटलं, हात बघ. हात नुसता पाण्यानं ओला होता.

शहरातल्या मंडळींनी चैत्रात एकदा आमच्याकडं यावं. उन्हाचं येऊ नका, चार वाजता या. पोळी खा, घाटाच्या कडेला बसा. आणि बारी बघून झाल्यावर लगेच उठू नका. बैल धुताना थांबा.