उरलेले पैसे: टीव्ही घ्यायचा की जीपीएस?

आजच्या भागाचा प्रश्न तुम्हाला जरा विचित्र वाटेल. समजा, महिन्याचा सगळा खर्च भागवून हातात थोडे पैसे उरलेत. त्यातून टीव्ही घ्यायचा की जीपीएस?

"जीपीएस घ्यायचा म्हणजे काय? तो तर फोनमध्ये असतोच की!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. टीव्हीसुद्धा आता फोनमध्येच आहे. या दोन वस्तूंपैकी एक निवडायची वेळ तुमच्यावर येणारच नाही. पण फार जुनी गोष्ट नाही ही. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत हा प्रश्न खराखुरा होता. जगात कितीतरी घरांत तो विचारला गेला, आणि काही घरांत त्याच्या उत्तरावर माणूस घरी परत येणार की नाही, हे अवलंबून होतं.

आधी टीव्हीकडे बघू. भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली, तीही प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. तेव्हा टीव्ही म्हणजे शटरवालं लाकडी कपाट, आत काळं-पांढरं चित्र आणि गच्चीवर अँटेना. एकजण वर चढून अँटेना फिरवणार, खालून दुसरा ओरडणार, "आला... आला... गेला!" तुमच्या आईबाबांना विचारा, पडद्यावरच्या मुंग्यांची आठवण प्रत्येकाकडे आहे.

किंमत? काही महिन्यांचा पगार. तरी लोकांनी तो घेतला, हप्त्यावर घेतला, भिशीच्या पैशांतून घेतला. का? फक्त हौस म्हणून? "हौसेला मोल नाही" असं आपण म्हणतो खरं, पण मला वाटतं त्यात हिशोबही होता. टीव्ही एकाच्या खोलीत यायचा आणि बघायला अख्खा मजला यायचा. दारात, खिडकीत, पलंगाखाली पोरं. म्हणजे पैसे एका घराचे, पण फायदा वीस-पंचवीस माणसांचा. शिवाय ज्याच्या घरी टीव्ही, त्याचा चाळीत मान वाढायचा, तो वेगळाच.

सरकारचाही विचार याच दिशेने चालला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. शेती, आरोग्य, शाळेतले धडे. टीव्ही कोणाच्या घरी नव्हता, गावाच्या सामायिक जागेत होता. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न होतं, पण प्रयोग सुरू झाला तेव्हा ते हयात नव्हते. पुढे १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं, त्याच वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले. उरलेले पैसे कुठे जाणार, हे मध्यमवर्गीय घरांत जवळजवळ ठरूनच गेलं.

आता दुसरी वस्तू. जीपीएस.

ही अमेरिकेच्या लष्कराची योजना. काम १९७३ मध्ये सुरू झालं, पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. कल्पना ऐकायला सोपी आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे किमान चार उपग्रह मिळाले की आपण कुठे आहोत ते निघतं. फक्त घड्याळ अचूक हवं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं!

ही लष्करी वस्तू तुमच्या-आमच्या हाती कशी आली? त्यामागे एक दुःखद प्रसंग आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ क्रमांकाचं प्रवासी विमान ठरलेल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. आपण कुठे आहोत हे वैमानिकांना कळलंच नव्हतं. त्याच महिन्यात रेगन सरकारने जाहीर केलं की जीपीएस पूर्ण तयार झालं की ते सगळ्या जगाला नागरी वापरासाठी मोफत मिळेल.

संदेश मोफत, पण तो पकडणारं यंत्र मोफत नव्हतं. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीने हातात धरता येईल असा पहिला जीपीएस बाजारात आणला. किंमत सुमारे ३,००० डॉलर. त्यावर नकाशा नाही, बोलणारी बाई नाही. नुसते अक्षांश-रेखांश. कोण घेणार हे?

उत्तर दोनच वर्षांत मिळालं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, आणि अमेरिकेचं सैन्य सौदीच्या वाळवंटात उतरलं. वाळवंटात डोंगर नाही, झाड नाही, रस्ता नाही. नकाशा काढला तरी बोट ठेवायचं कुठे? सैन्याकडे जीपीएस यंत्रं अगदी थोडी होती. मग लष्कराने बाजारातली नागरी यंत्रं हजारोंनी विकत घेतली. तरी ती पुरेनात. तेव्हा सैनिकांच्या घरच्यांनी आपल्या खिशातून जीपीएस विकत घेतले आणि टपालाने आघाडीवर पाठवले.

इथे जरा थांबा. आपला प्रश्न आता या घरांत जाऊन विचारून बघा. १७ जानेवारी १९९१ ला युद्ध पेटलं. त्या रात्री सीएनएनचे वार्ताहर बगदादच्या अल-रशीद हॉटेलातून बोलत होते, आणि लोक घरात बसून युद्ध जसं घडतंय तसं ऐकत आणि बघत होते. म्हणजे एकाच घरात दिवाणखान्यातला टीव्ही मुलगा जिथे आहे ते युद्ध दाखवत होता, आणि त्याच घराच्या पैशांतून गेलेला जीपीएस त्या मुलाला वाळवंटात वाट दाखवत होता. टीव्ही घरी बसलेल्यांसाठी होता, जीपीएस घरापासून लांब गेलेल्यासाठी. त्या आईबापांना उरलेले पैसे कशावर घालायचे हे कोणी समजावून सांगायला लागलं नसेल.

आणखी एक गंमत. नागरी जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक घालत असे, म्हणजे शत्रूला त्याचा नेमका उपयोग होऊ नये. साधारण १०० मीटरचा फरक पडायचा. पण आता आपलेच सैनिक नागरी यंत्रं वापरतायत म्हटल्यावर युद्धाच्या काळात ती चूक काढून टाकावी लागली!

त्याच युद्धाने आपल्याकडेही टीव्ही बदलला. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांनी डिश लावून सीएनएन दाखवलं, आणि परदेशी वाहिन्या घरात आणता येतात हे लोकांना कळलं. मग गल्लोगल्ली केबलवाला आला. टीव्हीवर पैसे घालायला आता आणखी एक कारण मिळालं. जीपीएस मात्र आपल्या बहुतेकांच्या गावीही नव्हता.

बहुतेकांच्या, सगळ्यांच्या नाही. आता आपल्या किनाऱ्यावर या.

सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मालवण. मासेमारी करणाऱ्या घराचा विचार करा. हंगाम संपला, डिझेल-बर्फाची देणी दिली, खलाशांचा हिशोब झाला, आणि थोडे पैसे उरले. आता पावसाळ्याची मासेमारी बंदी, माणसं घरात. घरच्यांना टीव्ही हवाय. बाहेर धो-धो पाऊस आणि दोन महिने करायचं काय? त्यांचं चूक नाही. पण नारळी पौर्णिमेनंतर होडी समुद्रात जाणार, तेव्हा तांडेलाला काय हवंय?

जुन्या पद्धतीत किनाऱ्यावरचे डोंगर, देवळाचे कळस, दीपगृह यांच्या खुणा धरून जागा ओळखायची. ही विद्या पिढ्यान् पिढ्यांची. पण किनारा दिसेनासा झाला की खुणा संपल्या. मग होकायंत्र, तारे आणि अंदाज. आपल्याकडे डोल जाळं असतं. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. ते जाळं पुन्हा सापडायला हवं ना! शोधण्यात गेलेला प्रत्येक तास म्हणजे जळालेलं डिझेल. त्यात धुकं आलं, वादळ आलं, तर प्रश्न मासळीचा राहत नाही. आणि उत्तरेकडे गुजरातच्या समुद्रात पाकिस्तानची हद्द आहे. पाण्यावर रेघ काढलेली नसते. ती चुकून ओलांडल्याबद्दल कितीतरी भारतीय मच्छीमारांनी, पालघरच्या खलाशांनीसुद्धा, पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढली आहेत.

समुद्रावर १०० मीटरच्या चुकीने फारसं बिघडत नाही. शहरातल्या गल्लीत १०० मीटर म्हणजे चार चौक इकडे-तिकडे! म्हणून ज्या जीपीएसचा मोटारवाल्याला फारसा उपयोग नव्हता, तोच होडीवाल्याला पुरेसा होता. शिवाय हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगते, मराठीतूनसुद्धा. त्या सूचनेत अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ज्याच्याकडे जीपीएस नाही, त्याने ते आकडे घेऊन काय करायचं?

बाकीच्यांसाठी खरा बदल मे २००० मध्ये झाला. अमेरिकेने ती मुद्दाम घातलेली चूक कायमची बंद केली. आता जीपीएस रस्ता दाखवू शकत होता. मोटारीत काचेला चिकटवायची यंत्रं आली, आपल्याकडेही मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांनी ती विकली. नेमक्या त्याच काळात सपाट पडद्याचे टीव्हीही येत होते. दिवाळीचा बोनस हातात आहे आणि दुकानात एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते! आपला प्रश्न खरा या दुकानातला.

आणि मग २८ ऑक्टोबर २००९. गूगलने फोनवर वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारी सेवा फुकट देण्याची घोषणा केली. त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या जीपीएस यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर कोसळले. ज्यांनी आदल्या दिवाळीत हौसेने मोटारीसाठी यंत्र घेतलं होतं, ते काही वर्षांत कपाटाच्या खणात गेलं.

मग उत्तर काय? टीव्ही शहाणपणाचा की जीपीएस? मला वाटतं, इतिहास दोन्हींपैकी एकाची बाजू घेत नाही. तो एकच गोष्ट विचारायला लावतो: थांबलं तर काय बिघडेल?

यंत्रं स्वस्त होतातच. १९८९ चे ३,००० डॉलर वीस वर्षांत फुकटावर आले. चाळीतल्या लाकडी टीव्हीची जागा खिशातल्या पडद्याने घेतली. ज्याला थांबता येतं, त्याने थांबावं. मोटारीतून फिरायला जाणाऱ्याला थांबता येत होतं, रस्ता चुकला तर पानवाल्याला विचारता येतं. पण वाळवंटातल्या सैनिकाच्या आईला "पुढच्या वर्षी स्वस्त होईल" असं म्हणता येत नव्हतं. तांडेलालाही नाही. समुद्रात पानवाला नसतो. तीच वस्तू, तीच किंमत, पण एकासाठी चैन आणि दुसऱ्यासाठी परतीची वाट.

आणि टीव्हीला कमी लेखू नका. चाळीतल्या त्या एका टीव्हीने वीस घरं एकत्र बसवली. ज्या घरात माणसं दिवसभर कष्ट करून येतात, तिथे संध्याकाळचा तासभर हसणं हीसुद्धा गरजच. पण ती सामायिक होऊ शकते. शेजाऱ्याच्या टीव्हीवर सिनेमा बघता येतो, शेजारच्या होडीतल्या जीपीएसवर आपल्याला घरी येता येत नाही.

जिथे थांबणं जिवावर येतं, तिथे हा प्रश्न एकट्या घराच्या उरलेल्या पैशांवर सोडावा का? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एका सरकारी योजनेची सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून देशातल्या एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे. नौका कुठे आहे ते किनाऱ्याला कळणार, आणि संकटात समुद्रातून संदेश पाठवता येणार. १९७५ मध्ये आपण सार्वजनिक पैशांतून गावाला टीव्ही दिला होता. आता होडीला तिचा ठावठिकाणा देतोय.

तर मंडळी, पुढच्या वेळी काही घ्यायचं मनात आलं, तर ऑफर बघण्याआधी हे स्वतःला विचारा: मी थांबलो तर काय बिघडेल? काहीच नसेल, तर खुशाल थांबा. आणि तुमच्या घरात पहिला टीव्ही कधी आला, कोणाच्या पैशांतून आला आणि त्यासाठी दुसरं काय राहून गेलं, हे आज जेवताना मोठ्यांना विचारा. चांगली गोष्ट मिळाली तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!