परतीची वाट : मोटारीतल्या आवाजाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तह येतात, सनावळी येते. मीही कॉलेजात तेच शिकवतो. पण आज मला बोलावयाचे आहे ते एका गुणगुणीविषयी. ती ऐकली माणकोली नाक्यापासून आत वळल्यावर लागणाऱ्या दापोडे गावात, माझ्या भाच्याच्या मोटारीत. आणि तिचा माग काढता काढता मी तारायंत्राच्या काळापर्यंत जाऊन पोहोचलो.

दापोडे आता निव्वळ भातशेतीचे गाव राहिलेले नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवावयाचा म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. माझा भाचा त्याच गोदामांतल्या कारकून मंडळींना सकाळी ठाण्याहून आणतो आणि संध्याकाळी नेऊन सोडतो. गाडी जुनी घेतलेली. आत कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ. गेल्या लग्नसराईत त्याला हौस सुटली. आमच्या भागात हळदीची रात्र म्हणजे वाजंत्री आलीच. पूर्वी धवलारीण म्हातारी अंगणात बसून धवळे म्हणायची ते शेजारच्या चार घरांना ऐकू जायचे. आता तिच्या नातवांना छाती हादरल्याशिवाय हळद लागल्यासारखे वाटत नाही. असो. भाच्याने बाजारातून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीत ठेवावयाचा सबवूफर आणला आणि दुकानदाराकडूनच बसवून घेतला.

आठ दिवसांत तीन तक्रारी उभ्या राहिल्या. इंजिन चालू केले की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज निघे आणि एक्सलरेटर दाबला की तो चढत जाई. आवाज मोठा केला की गाण्यातला ढोल वाढण्याऐवजी पोकळ होई. आणि दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बॅटरी उतरलेली! एकदा तर गाडी सुरूच झाली नाही, फेरी चुकली आणि ठेकेदाराने त्या दिवसाचे पैसे कापले.

“मामा, दुकानात दोनदा जाऊन आलो,” तो म्हणाला. “ते म्हणतात, कंपनीच्या स्टिरिओला असंच होणार. तो काढून टाका, नवीन घ्या.”

नवीन घ्यावयाचा म्हणजे आणखी काही हजार रुपये, शिवाय स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा बंद पडण्याचे भय. कॉलेजात जाण्यापूर्वी मी दोन वर्षे एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होतो, हे माझ्या बहिणीला आठवले. मला बोलावणे आले.

आता बिघाडाकडे जाण्याआधी मंडळी, थोडे मागे जाऊ. कारण ही गुणगुण मोटारीपेक्षा जुनी आहे.

विजेला जावयाला एक वाट लागते आणि परतावयाला दुसरी. पण १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाला असे आढळले की परतीची तार टाकली नाही तरी चालते. दोन्ही टोकांना तार जमिनीत पुरली की परतीचे काम जमीनच करते. तारायंत्रवाल्यांची निम्मी तार वाचली. १८५४ साली मुंबई आणि आग्रा तारेने जोडले गेले. ज्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आज माणकोलीला ट्रकांची रांग लागते, त्याच्या दोन टोकांची ही गोष्ट. तारेच्या ‘कडकट्ट’ला जमिनीची परत वाट पुरेशी होती. त्यात थोडा खरखराट मिसळला तरी तारमास्तरचे काही अडत नसे.

पुढे टेलिफोन आला आणि गोष्ट बदलली. टेलिफोनही सुरुवातीला एकाच तारेवर, जमिनीच्या भरवशावर चालत. कानाला लावावे तर शेजारच्या तारेवरचे बोलणे ऐकू येई. अमेरिकेत विजेच्या ट्राम सुरू झाल्यावर तर टेलिफोनमध्ये ट्रामच गुणगुणू लागली. कारण उघड आहे. ट्रामची परतीची वीज रुळांतून आणि जमिनीतून जाई. टेलिफोनची परतीची वाटही तीच. गावात गाडीरस्ता आणि गुरांची वाट एकच असली म्हणजे जे होते, तेच इथे झाले. उपाय निघाला तो असा की टेलिफोनला स्वतःची दुसरी तार द्यावी. म्हणजे शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीच माणसाला हे कळले होते की बोलण्याची आणि ताकदीची परतीची वाट एक ठेवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवावयाचे असेल तर डायनॅमोवर चालणारा दिवा असलेली एखादी जुनी सायकल शोधावी. डायनॅमोपासून दिव्यापर्यंत एकच तार दिसते. दुसरी कुठे आहे, असे मुलांना विचारावे. दुसरी तार म्हणजे सायकलचा सांगाडा! दिव्याच्या पट्टीखाली गंज चढला किंवा रंग बसला की दिवा लुकलुकतो. मग पट्टीखाली पत्रा घासून पाहावा. मुले हे आयुष्यभर विसरत नाहीत.

मोटारवाल्यांनी हाच मार्ग धरला. बॅटरीचे एक टोक लोखंडी बॉडीला बांधले की दिवे, भोंगा, स्टार्टर, सगळ्यांना एकेक तार पुरते. भोंग्याला त्याचे काही वाटत नाही. भांडण सुरू झाले ते मोटारीत रेडिओ बसल्यावर. अमेरिकेतील गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. तेव्हा मोठी अडचण होती ती इंजिनाच्या ठिणगीची. पेट्रोल पेटवणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपणकेंद्रच. ती रेडिओत कडकडत असे, आणि तिला गप्प करण्यासाठी नाना युक्त्या कराव्या लागत. शिवाय त्या काळच्या व्हॉल्व्हला शेकड्यांनी व्होल्ट लागत आणि बॅटरी अवघी सहा व्होल्टची. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि १९५५ साली क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनी व्हॉल्व्ह नसलेला मोटार-रेडिओ जाहीर केला. १९६० च्या सुमारास डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला. अल्टरनेटर वीज भरपूर देतो, पण त्याची वीज अगदी सपाट नसते. तिच्यावर बारीक लहरी असतात. इंजिनाची गती वाढली की लहरी दाट होतात आणि त्यांचा सूर चढतो. भाच्याच्या गाडीतली ‘घूंऽऽ’ ती हीच. सूर इंजिनाच्या गतीबरोबर चढत असेल तर मूळ अल्टरनेटरकडे आहे, एवढे कानानेच कळते.

आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या काळात रेडिओ ही वेगळी घ्यावयाची चीज होती. रेडिओ बाळगावयाला परवाना लागे, तो १९८० च्या दशकात गेला. तेव्हाच कॅसेट ट्रकांत शिरली. सभासमारंभांच्या आवाजाची परंपरा मात्र त्याहून जुनी. १९३१ च्या कराची काँग्रेसला मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीच्या नानिक मोटवानी यांनी ध्वनिक्षेपक पुरवले. मोठ्या समुदायाला वक्त्याचे बोलणे नीट ऐकू जाणे हीच तेव्हा नवलाई. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याला साहाय्य केल्याबद्दल याच मोटवानींना अटक झाली. ज्यांना आपण आज ‘साउंडवाले’ म्हणतो त्या मंडळींत असेही लोक होऊन गेले, हे हळदीच्या रात्री कोणाच्या लक्षात येत नाही.

कंपनीचा स्टिरिओ हा प्रकार त्यामानाने अलीकडचा. पूर्वी डॅशबोर्डमध्ये ठराविक मापाचा एक खण असे. त्यात कुठल्याही कंपनीचा सेट बसे, आणि बऱ्याच सेटांच्या मागे अ‍ॅम्प्लिफायरसाठी वेगळी तोंडे असत. आता स्टिरिओ गाडीच्या बाकीच्या यंत्रणेत गुंफलेला असतो आणि मागून निघतात त्या बहुधा स्पीकरच्या चार जोड्या. त्याच्या वेष्टनावर ‘पन्नास वॉट, चार वेळा’ असे लिहिलेले असले तरी हिशेब करून पाहा. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर साधारण चौदा व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. यातून स्वच्छ असे अठरा-वीस वॉटच निघतात. सबवूफरला ते पुरत नाहीत. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, जो आपल्या पोटात बॅटरीचे व्होल्टेज वाढवून घेतो. आणखी एक खुबी अशी की या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. उणे तार म्हणजे बॉडी, असा जुन्या सेटांवर शिकलेल्या कारागिराचा समज इथे फसतो. ती तार बॉडीला लावली की आवाज फाटतो, आणि कधी स्टिरिओच जातो.

आता आमची गाडी. रविवारी सकाळी बहिणीच्या अंगणात डिकी उघडली. इंजिन चालू ठेवून प्रथम अ‍ॅम्प्लिफायरला येणारी गाण्याची केबल उपटली. घूं थांबली. म्हणजे ती स्वतः अ‍ॅम्प्लिफायरची नव्हती. केबलवाटे येत होती. मग मीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला लांब तारेने, दुसरे अ‍ॅम्प्लिफायरच्या उणे स्क्रूला. गाणे मोठ्याने चालू. एक दशांश व्होल्टच्या आतच असावयास हवे, ते जवळजवळ अर्धा व्होल्ट निघाले. उणे तार बांधली होती मागच्या सीटच्या बोल्टला, रंगावरूनच! सायकलच्या दिव्याची तीच गोष्ट. ताकदीची परतीची वाट अडलेली. स्टिरिओची जमीन एका पातळीवर आणि अ‍ॅम्प्लिफायरची दुसऱ्या. म्हणून अल्टरनेटरच्या लहरी गाण्याच्या केबलच्या जाळीतून वाट काढीत होत्या. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, जाड आणि आखूड तार नव्या बोल्टने आवळली, वर ग्रीस लावले. मीटर जवळपास शून्यावर आला. घूं बरीचशी गेली, सगळी नाही.

उरलेली होती डॅशबोर्डमागच्या एका लहानशा डबीत. स्पीकरच्या तारांतला आवाज कमी करून अ‍ॅम्प्लिफायरला देणारी ती स्वस्त डबी. तिने स्पीकरची उणे बाजू केबलच्या जाळीला, म्हणजेच बॉडीला जोडली होती. गंमत अशी की अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात स्पीकरच्या तारा थेट घेण्यासाठीचा प्लग प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच पडून होता. डबी काढली, प्लग लावला, गुणगुण संपली.

बॅटरी उतरण्याचे कारण शोधायला दोन मिनिटेही लागली नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरला ‘जागा हो’ म्हणून सांगणारी एक बारीक तार असते. ती किल्लीबरोबर चालू-बंद व्हावयास हवी. कंपनीच्या स्टिरिओला अशी तार नाही, म्हणून कोणीतरी ती सरळ बॅटरीच्या लाल तारेलाच गुंडाळली होती. अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा! ती किल्लीवर चालणाऱ्या फ्यूजवर घेतली. ढोल पोकळ होण्याचे मात्र आम्ही काही करू शकलो नाही, कारण तो बिघाड नव्हता. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की कंपनीचाच स्टिरिओ खर्ज आवरता घेतो. स्टिरिओ मध्यम ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचा गेन बेताने लावला, एवढेच. दुकानदाराचे म्हणणे एवढ्यापुरते खरे होते, हे मी भाच्याला सांगितले.

काम संपले असे वाटून मी लाल तार बॅटरीपर्यंत सहज हाताने चाचपीत गेलो. इंजिन आणि आतला भाग यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती नेली होती. भोकाला रबर नव्हते. गाडीच्या हिसक्यांनी तारेचे वेष्टन बोटभर घासले गेले होते आणि आतले तांबे दिसत होते. आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत त्या तारेवर फ्यूज कुठेच नव्हता.

भाचा खाली वाकून बघत राहिला. अंगठ्याएवढ्या जाड तारेने बॉडीला स्पर्श केला असता तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका ठिकाणी उतरली असती, तार लाल झाली असती, आणि तिच्यावरच पायाखालचे मॅट होते. रोज सकाळी त्यावर चार माणसांचे पाय.

“गुणगुण नसती तर आपण उघडलंच नसतं,” तो म्हणाला.

बॅटरीचे टोक तिथेच सोडून आम्ही पायी नाक्यावर गेलो. चाळीस अँपिअरचा फ्यूज, त्याची डबी, रबराचा कडा आणि नवी तार आणली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. तो डिकीत बसवून उपयोग नसतो, कारण राखावयाची आहे ती मधली तार. सोमवारी सकाळी साडेसहाला बहिणीचा फोन आला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली होती, आणि पोरगा गाणे न लावताच ठाण्याला गेला होता.