बोरोकार्बाइड अतिसंवाहके

इट्रियम किंवा विरल मृत्तिका धातू, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांची थरयुक्त संयुगे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन व सहकाऱ्यांनी सुमारे 12 केल्विनला (उणे 261° से.) यांतील अतिसंवाहकता दाखवली, तो शोधनिबंध 1994 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. चुंबकत्व सहसा अतिसंवाहकतेला मारक असते; निकेल चुंबकीय धातू असूनही त्याच्या संयुगात विद्युत् रोध नाहीसा व्हावा, ही मोठी गोष्ट होती. त्याच सुमारास अमेरिकेत शुद्ध संयुग वेगळे केले गेले. त्याचे संक्रमण तापमान (ज्याला अतिसंवाहकता सुरू होते ते) 15 केल्विनच्या पुढे निघाले.

इट्रियम-कार्बनचा थर, त्यावर निकेल-बोरॉनचा, अशी रचना पाहून 1986 नंतरची ताम्र-ऑक्साइड सेरॅमिके आठवतात. त्या सेरॅमिकांत उष्णता थरांच्या पातळीत सहज वाहते, आडव्या दिशेने मात्र अडखळते. बोरोकार्बाइडांतील इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांना फिरतात. म्हणून रचना थरांची असली तरी वागणूक साध्या धातूच्या जवळची आहे.

विशिष्ट उष्णता : नमुन्यात अतिसंवाहकाचा एखादा बारीक धागा असला, तरी रोध शून्य दिसू शकतो. सगळा पदार्थ अतिसंवाहक झाला की नाही, हे विशिष्ट उष्णतेवरून कळते. नीच तापमानातील सर्वांत विश्वासू साक्ष हीच. मिलिग्रॅममध्ये मोजावा असा तुकडा सॅफायरच्या चकतीवर किंचित ग्रीसने चिकटवतात, चकतीला तापक व तापमापी जोडून बारीक तारांवर टांगतात आणि मोजकी उष्णता देऊन तापमान किती चढले ते पाहतात. अतिसंवाहक नसलेल्या अवस्थेत इलेक्ट्रॉनांचा वाटा तापमानाच्या, तर जालकाच्या कंपनांचा त्याच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे विशिष्ट उष्णतेला तापमानाने भागून ती तापमानाच्या वर्गासमोर मांडली, की सरळ रेषा मिळते आणि दोन्ही वाटे सुटे होतात. इट्रियमच्या संयुगात इलेक्ट्रॉनांचा गुणांक सुमारे 18 मिलिज्यूल प्रति मोल प्रति वर्ग-केल्विन आहे. संक्रमण तापमानाला वक्रात ठळक उडी दिसते, म्हणजे सगळा पदार्थच अतिसंवाहक झालेला असतो.

उष्णता संवाहकता : चुंबकीय क्षेत्र थरांच्या पातळीत फिरवले, की संवाहकता दिशेनुसार बदलते. यावरून अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांचे बंधन सर्व दिशांना सारखे घट्ट नसल्याचे दिसले.

होल्मियमच्या संयुगात वेगळाच प्रकार घडतो. सुमारे 8 केल्विनला ते अतिसंवाहक होते; 5 केल्विनच्या आसपास अणूंचे चुंबकत्व जुळू लागताच अतिसंवाहकता जवळजवळ मोडते आणि आणखी थंड केल्यावर परत येते. चुंबकत्व जुळण्याच्या टप्प्यावर विशिष्ट उष्णतेच्या वक्रात एकमेकांना लागून तीव्र शिखरे उमटतात.