जुन्या गोव्याचे लाल चर्च

गोव्याला जाऊन आलेल्या बहुतेकांकडे जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चचा फोटो असतो. माझ्याकडेही आहे. त्यातला लाल-तपकिरी रंग आपण चारशे वर्षांपूर्वीचा समजतो. पण तो तेवढा जुना नाही.

जेझुइट पंथाच्या या चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. दर्शनी भागातील कोरीवकामाचा काळा दगड वसईकडून आणलेला, तर भिंती स्थानिक जांभ्याच्या. आपल्या यवतमाळकडचा काळा दगड पावसाला दाद देत नाही. जांभा मात्र सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून बांधणाऱ्यांनी भिंतींना चुन्याचा गिलावा दिला होता. सुमारे साडेतीनशे वर्षे हे चर्च बाहेरून पांढरे होते.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. त्यांचे निधन १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झाले. चांदीची पेटी गोव्यातच घडली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट; शिल्पकार फोज्जिनीचे ते काम १६९८ मध्ये येथे उभे राहिले. दर दहा वर्षांनी अवशेष दर्शनासाठी ठेवतात. अलीकडे २०२४-२५ मध्ये ठेवले होते. बाबा कंबलपोश यांच्या उरुसाची गर्दी पाहत वाढलेल्या आपल्या आर्णीकरांना ती रांग अनोळखी वाटणार नाही.

१९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून बाहेरचा गिलावा काढण्यात आला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट उघड्या जांभ्यावर पडतो आहे आणि दगड झिजतो आहे. गिलावा पुन्हा द्यावा, असे काही जाणकार सांगतात. तर लाल रंग हीच आता चर्चची ओळख आहे, असे इतरांना वाटते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुन्या प्रणालीतला एखादा भाग बिनकामाचा दिसला, तरी तो कशासाठी लिहिला होता हे शोधल्याशिवाय आम्ही काढत नाही. मला विचाराल तर गिलावा परत यावा. फोटोतला रंग बदलेल, पण भिंत टिकेल.

पुढच्या वेळी गोव्याला गेलात तर रस्ता ओलांडून से कॅथेड्रलही पाहा. त्याच्या भिंतीही जांभ्याच्याच, पण अजून चुन्याने झाकलेल्या, पांढऱ्या. सोबत मुले असतील तर त्यांना विचारा, या दोन्हींपैकी जुने रूप कोणते?